मिठूचं पथ्यपाणी

सोलापूरच्या नवी पेठेत भूक न लागलेल्या माणसाला खायला घालायची जुनी पद्धत आहे. दोन टॉवेल घ्यायला दुकानात टेकलेला माणूस चहा घेतल्याशिवाय उठत नाही, आणि लांबची ओळख निघाली की चहामागोमाग भजी येतात. ‘जेवलाव का?’ असं इथे कुणी विचारलं तर हो किंवा नाही म्हणून सुटका नसते; दोन्ही उत्तरांना ताट वाढलं जातं. अशा पेठेत, आमच्या समोरच्या माडीवर, अप्पांच्या घरी ९० ग्रॅम वजनाचा एक पाहुणा कायमचा मुक्कामाला आला. त्याच्या जिवाला धोका कुणापासून आहे याचा अंदाज सगळ्या गल्लीनं चुकीचा बांधला. सगळे मांजरावर नजर ठेवून बसले.

मांजराला त्यात काही रस नव्हता. खालच्या चपलांच्या दुकानातली रिकामी खोकी त्याला झोपायला पुरतात आणि मटणाच्या दुकानाची वेळ त्याला पाठ आहे. माडीवरच्या पिंजऱ्याकडे ते बघायचं ते जाता जाता, ओळख नसलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं. मिठूवर संकट आलं ते माणसांच्या प्रेमाचं, आणि प्रेमाच्या बाबतीत आमच्या गल्लीत कुणी हात आखडता घेत नाही.

आधी मिठूविषयी. तो पोपट आहे की नाही यावर पेठेत अजून एकमत नाही. अंग करडं, डोकं पिवळं, गालावर नारिंगी ठिपका, डोक्यावर मूडप्रमाणे वरखाली होणारा तुरा. तो कॉकाटील आहे. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, शास्त्रानं काकाकुव्याच्या घराण्यात बसवलेला, म्हणजे पोपटांच्या भाऊबंदांतलाच. अप्पांच्या पत्नी अक्का सुरुवातीला त्याला ‘कॉकटेल’ म्हणायच्या. ‘आमच्या ह्यांनी परवा कॉकटेल आणलं,’ असं त्यांनी भजनी मंडळात सांगितलं तेव्हा अप्पांना दोन दिवस स्पष्टीकरणं देत फिरावं लागलं. मग नातवानं त्याचं नाव मिठू ठेवलं आणि घराण्याची अब्रू वाचली.

पेठेतल्या एका अनुभवी गृहस्थांनी मात्र तोंडावर सांगितलं, “अप्पा, शिट्ट्या मारणारं हे काय घेऊन बसलाव? हिरवा आणा हिरवा. ‘या, बसा’ म्हणतो.”

हिरवा म्हणजे आपला राघू. त्याला पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर तो अनुसूची २ मध्ये आहे, आणि गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अप्पांनी चाळीस वर्षं कापडाचा धंदा केला आहे. त्यांनी भाव ऐकून घेतला आणि म्हणाले, “म्हणजे पोपट म्हणणार ‘या, बसा’, आणि मी जाऊन बसणार.”

तर मिठूच राहिला. त्याच्याशी बोलायला चार भाषा तयार होत्या. अक्का कानडीत ‘बा, बा’ म्हणायच्या, शेजारच्या तेलुगू काकू ‘रा, रा’ म्हणायच्या, गल्लीतली पोरं ‘ये, ये’ करायची आणि खालचे अत्तरवाले चाचा मान वर करून ‘आजा बेटा’ म्हणायचे. मिठूनं सगळ्यांना सारखं वागवलं; तो कुणाकडेच गेला नाही. हे तेच शहर, ज्यात १९३२ साली मारुती चितमपल्ली जन्मले. घरात तेलुगू बोलणाऱ्या या माणसानं मराठीला पक्षिकोश दिला, २००६ साली सोलापुरातच भरलेल्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं आणि २०२५ च्या जून महिन्यात याच शहरात शेवटचा श्वास घेतला. पाखरं काय म्हणतात हे ऐकण्यात त्यांचा जन्म गेला. आमच्या गल्लीला पाखरानं आपलं ऐकावं एवढंच हवं होतं.

मिठूनं ऐकलं ते कुकरचं. कॉकाटील बोलण्यात कच्चा, पण शिट्टीत पक्का. दुसऱ्याच महिन्यात त्यानं अप्पांच्या कुकरची शिट्टी अशी उचलली, की सुरुवातीचा फुस्स आवाजसुद्धा सोडला नाही. एका रविवारी नातवाच्या हट्टासाठी सूनबाईंनी राजमा लावला. तीन शिट्ट्या ऐकून गॅस बंद केला. त्यातली एक कुकरची होती, दोन मिठूच्या होत्या. राजमा दाताखाली कटकन वाजला तेव्हा अप्पा कवळी सांभाळत उठले. गंमत अशी, की कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा पाखरांना वर्ज्य आहे. त्यातलं लेक्टिन खळखळून उकळल्याशिवाय जात नाही आणि ते माणसाच्याही पोटात कालवाकालव करतं. म्हणजे मिठूनं आपल्या हातानं, नव्हे चोचीनं, विष तयार करून घेतलं आणि मग ताटाशेजारी बसून त्यातला एक दाणा मागत राहिला.

नातवाचा वाढदिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मिठू पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसला. पाखरं दुखणं लपवतात; रानात अशक्त दिसणारा पहिला उचलला जातो, म्हणून अगदीच नाइलाज होईपर्यंत ती धडधाकट असल्याचं सोंग करतात. सोंग संपलं होतं. अप्पा त्याला टॉवेल घातलेल्या चपलांच्या खोक्यात ठेवून पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे गेले. मीही रिक्षात होतो, खोक्याचं झाकण धरायला.

डॉक्टरांनी विचारलं, “काय काय दिलंत याला?”

अक्कांनी अभिमानानं सांगायला सुरुवात केली. सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट. मग पोहे. मग केकचा तुकडा, वर चॉकलेट होतं ते आवडीनं खाल्लं. पाहुण्यांनी एकेक वेफर दिला. दुपारी भाकरीबरोबर... इथे डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मिठूला ऊब दिली, औषध दिलं, आणि अप्पांच्या हातात एक छापील यादी दिली: पाळीव पोपटांना काय देऊ नये.

यादीत पहिलं नाव होतं अवोकॅडो.

अप्पांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. नातवानं मोबाइलवर फोटो दाखवला, भाव सांगितला. या फळात पर्सिन नावाचा पदार्थ असतो. माणसाला त्याचं काही नाही, पण पाखरांचं हृदय तो बंद पाडू शकतो. अप्पा म्हणाले, “एका फळाला एवढे? आपल्या घरात पोपट यापासून जन्मभर सुरक्षित आहे.” पुढे वाइन होती. अप्पांनी अक्कांकडे न बघता टिचकी मारली. मग कॉफी. घरात कॉफी होत नाही, टिचकी. चॉकलेटला मात्र मान खाली गेली. त्यातलं थिओब्रोमिन आणि कॅफिन हे जोडीनं काम करतात आणि केकवरचा तो तुकडा मिठूला नडला होता. अळंबी, सफरचंदाच्या बिया, जर्दाळूची आठळी. पान संपलं. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि समाधानानं म्हणाल्या, “यात चटणी नाही.”

कुणा परदेशी स्वयंपाकघरावरून बेतलेल्या यादीत शेंगाची चटणी कुठून येणार? पण अक्कांच्या मते, ज्याअर्थी यादीत नाव नाही त्याअर्थी परवानगी आहे. सरकारी कागद वाचणारी सगळी पेठ याच पद्धतीनं वाचते.

आता सोलापूरची शेंगाची चटणी म्हणजे काय, हे बाहेरच्यांसाठी सांगतो. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, मीठ, जिरं, आणि हे सगळं उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सरमध्ये केली तर ती कूट होते, चटणी होत नाही. अप्पांच्या घरी दुपारी कडक भाकरी, चटणी आणि दही असं ताट पडलं की मिठू पिंजऱ्यातून अप्पांच्या मनगटावर, मनगटावरून ताटाच्या काठावर येतो. पहिल्यांदा भाकरीचा पापुद्रा कुरतडल्यासारखं करतो. ती नुसती प्रस्तावना. मग मान तिरकी करून एका डोळ्यानं चटणीचा अंदाज घेतो, पुढे सरकतो आणि नेमका तेल सुटलेल्या कडेचा एक लाल कण उचलतो. तो चोचीत फिरवून फिरवून खातो. वरच्या चोचीला तांबडी पूड लागते, ती अप्पांच्या शर्टच्या बाहीला पुसतो आणि पुन्हा पुढे सरकतो.

सगळ्या पेठेला वाटायचं, की याला तिखट झेपतं कसं! पुण्याहून आलेला जावई या चटणीनं उचक्या देत पाण्याच्या तांब्याकडे धावतो, आणि हे एवढंसं पाखरू डोळ्यांत टिपूस न आणता खातं. अप्पा पाहुण्यांना बोलावून दाखवायचे. “अस्सल सोलापूरचा आहे,” म्हणायचे. अप्पांचा हा अभिमान मला खरोखर मोडवत नव्हता, पण पाखरांना तिखट लागतच नाही. मिरचीतल्या कॅप्सेसिननं आपल्या जिभेवरची जी घंटा वाजते, ती घंटा पाखरांच्या अंगात या पदार्थाला दाद देत नाही. मिरचीचा डाव तोच आहे: उंदीर-घुशींनी बिया चावून टाकू नयेत म्हणून त्यांच्यासाठी जाळ, आणि बिया अख्ख्या गिळून लांब नेऊन टाकणाऱ्या पाखरांसाठी फुकट फळ. रानमिरची पाखरांनीच पसरवली. तेव्हा चटणीतली एकच गोष्ट मिठूला निर्धोक होती, आणि ती म्हणजे जावयाला रडवणारी. बाकी सगळं गुन्हेगार.

लसूण आधी. कांदा-लसणातली गंधकाची संयुगं पाखरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा असो, शिजवलेला असो, वाळवून पूड केलेला असो. मग मीठ. इथे अप्पांनी गणित मांडलं, कारण आकड्याशिवाय त्यांना काही पटत नाही. अप्पांचं वजन ७० किलो, मिठूचं ९० ग्रॅम. दुकानाच्या जुन्या बिलबुकाच्या पाठीमागे भागाकार झाला आणि उत्तर आलं पावणेआठशेच्या आसपास. म्हणजे मिठूनं एक ग्रॅम चटणी खाल्ली तर ती अप्पांनी पाऊण किलो खाल्ल्यासारखी. अक्का दचकल्या. “पाऊण किलो? तेवढी तर आपल्याला महिनाभर पुरते.” यादीतल्या थिओब्रोमिननं जे झालं नव्हतं ते बिलबुकानं केलं.

राहिले शेंगदाणे. ताजे, बिनमिठाचे, एखाददुसरा दिला तर बिघडत नाही. पण पावसाळ्यात पोत्याच्या तळाशी राहिलेल्या दाण्यांना हिरवट बुरशी चढते, आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते लिव्हर खातं. हे विष जगाला कळलं तेच पाखरांमुळे: १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून जास्त टर्की कोंबड्या पटापट मेल्या, कारण सापडेना, आणि शेवटी त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर बोट गेलं. आपण खवट दाणा तोंडातून थुंकून टाकतो आणि उरलेले ‘पाखरांना घाला’ म्हणतो. पुण्य लागतं म्हणे.

चटणी बंद झाली तशी अप्पांची दुसरी सवय उघडी पडली. अप्पा चहा बशीत ओतून पितात आणि मिठू बशीच्या काठावर उभा राहून दुसऱ्या बाजूनं सुरू करायचा. मिनिटाला शेकड्यांनी ठोके देणाऱ्या त्या हृदयाला चहातलं कॅफिन कशाला हवं? पण पेठेत चहा नाकारणं शिष्टाचारात बसत नाही, आणि मिठू पेठेचाच. त्यावर कडी म्हणजे अप्पा पेरूची फोड स्वतःच्या ओठांत धरून त्याला द्यायचे. राघूनं टोचलेला पेरू गोड असतो हे आपण लहानपणापासून ऐकलंय. माणसानं टोचलेला राघूला गोड लागतो, असं कुणीच म्हटलेलं नाही. आपल्या तोंडातले जंतू आपल्याला सोसतात, त्याला नाही. उष्टं-खरकटं एरवी एवढं पाळणाऱ्या घरात पाखराला मात्र सरसकट उष्टं.

इथवर गोष्ट खाण्याची होती. पण खरी धमाल पुढे झाली, कारण यादीच्या मागच्या पानावर स्वयंपाकघर होतं, आणि स्वयंपाकघरात दोन बाया होत्या.

मागच्या पानावर ठळक अक्षरात होतं: नॉनस्टिक भांडी. रॉय प्लंकेट नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञाच्या हाती १९३८ साली अपघातानं एक पांढरी, कशालाच न चिकटणारी पूड लागली. तीच पुढे टेफ्लॉन म्हणून तव्यांवर बसली. तवा बेताचा तापला तर काही नाही. पण रिकामा तवा मोठ्या गॅसवर विसरला, तापमान २८० अंशांच्या वर गेलं, की त्या थरातून वायू सुटतात. त्यांना वास जवळजवळ नसतो. माणसाला फार तर कणकण येते. पाखरू काही मिनिटांत खाली पडतं. एअर फ्रायरच्या टोपलीलाही बहुधा हाच थर असतो.

असं का, तर पाखराच्या श्वासाची रचनाच निराळी. आपल्या फुप्फुसात हवा एकाच दारानं आत-बाहेर करते. पाखराच्या अंगात फुप्फुसांच्या जोडीला हवेच्या साधारण नऊ पिशव्या असतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहत राहते. श्वास घेताना ताजी हवा, सोडतानाही ताजी हवा. उडायला एवढा प्राणवायू लागतोच. पण मग हवेत जे असेल ते सगळं तितक्याच चोखपणे आत जातं. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून ब्रिटनच्या कोळसाखाणींत कॅनरी पक्षी नेत ते याचसाठी. विषारी वायू सुटला की आधी कॅनरी कोसळायची, मग माणसं पळायची. ही नोकरी त्या पाखरांना १९८६ पर्यंत होती. अप्पांच्या स्वयंपाकघरातली जागा मिठूनं बिनपगारी भरली होती.

अक्कांना या माहितीनं जो आनंद झाला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. सूनबाईंच्या रुखवतात आलेला नॉनस्टिकचा सेट त्यांच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून होता. त्यांचा लोखंडी तवा, ज्याच्यावर तीस वर्षं भाकरी झाली, तो फळीवर गेला होता आणि त्याच्या जागी डोशाचा काळा, चकचकीत, ‘कमी तेलात’ वाला तवा आला होता. आता डॉक्टरांनी छापून दिलं होतं. अक्का फार काही बोलल्या नाहीत. फक्त लोखंडी तवा फळीवरून काढला, चिंचेनं घासला, आणि सूनबाईंना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात मिठूला कानडीतून काहीतरी सांगितलं. त्याचं भाषांतर मी देत नाही.

पण अक्कांचं राज्य तिसऱ्या दिवशी देवघरापाशी अडलं. यादीतली पुढची ओळ सूनबाईंनी मोठ्यानं वाचली: धूर कसलाही नको. उदबत्ती, धूप, ऊद, कापूर, मच्छर अगरबत्ती, सुगंधी फवारे, सिगारेट, फिनेल. सोमवारी सिद्धेश्वराच्या नावानं अक्का ऊद घालतात तेव्हा आमच्या माडीवरसुद्धा दारं लावून घ्यावी लागतात. त्या धुरात पिंजरा दिसायचा नाही, फक्त कुकरची शिट्टी ऐकू यायची. आता प्रश्न असा, की देव मोठा की डॉक्टर? अक्कांनी दोन दिवस अन्न गोड लागत नाही म्हणून सांगितलं. अप्पा तडजोडीत मुरलेले. पिंजरा गल्लीकडच्या खोलीत, ऊद मागच्या पडवीत, मधलं दार बंद, आणि देवघरात नुसतं निरांजन. “देवाला तूप आवडतं,” अप्पा म्हणाले, “धूर त्याला आपण लावलाय.”

मग सूनबाईंनी सासऱ्यांकडे मोर्चा वळवला. अप्पा डाव्या तळहातावर तंबाखू-चुना मळतात आणि त्याच हाताचं बोट मिठूला बसायला देतात. बोटावर राहिलेल्या निकोटिननं पाखराचे पाय चुरचुरतात. कधीकधी ती आपलेच पाय कुरतडू लागतात. अप्पांना वाटायचं, मिठू आपल्या बोटावर प्रेमानं नाचतो.

घरातली इतर संकटं लहान, पण दाटीवाटीनं उभी. ट्रंकेत सोलापुरी चादरींच्या घडीत डांबरगोळ्या, त्याही वर्ज्य. सूनबाईंच्या गळ्यातलं बेंटेक्स. चोचीला चकाकणारी वस्तू कुरतडल्याशिवाय चैन पडत नाही, आणि हलक्या धातूत शिसं किंवा जस्त असलं तर ते पोटात साठतं. स्वस्तातल्या पिंजऱ्याच्या तारेवरचा जस्ताचा मुलामासुद्धा याच यादीत आहे, म्हणजे तुरुंगच खाण्यात आला. झोपाळा, त्याच्या कड्या. आणि आरसा. आरशात मिठूला दुसरा मिठू दिसतो. त्याच्याशी एक तर भांडण नाही तर प्रेम, मधला मार्ग नाही.

पंख्याचं मात्र निराळं प्रकरण आहे. पिंजऱ्याबाहेर उडणाऱ्या पाखराला छताच्या पंख्याएवढा वैरी नाही. पाती फिरताना त्याला दिसतच नाहीत. आता सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ वर असताना ‘पाखरू बाहेर असेल तेव्हा पंखा बंद ठेवावा’ हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याला मे महिन्यात नवी पेठेत, पत्र्याखाली, जेवल्यावर अर्धा तास बसवला पाहिजे. अप्पांच्या घरी यावर कुटुंबाची बैठक झाली. मिठूची उड्डाणाची वेळ पहाटे सहा ते साडेसहा ठरली. त्या अर्ध्या तासात सगळं घर बनियनवर, पदरानं वारा घेत, पाखराकडे बघत बसतं. विमानतळासाठी शहरातल्या साखर कारखान्याची चिमणी २०२३ साली पाडली, तेव्हा एका विमानाच्या उड्डाणासाठी केवढी यातायात म्हणून अप्पा कुरकुरले होते. आता पहाटे पंखा बंद करायला तेच उठतात.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. कॉकाटील अंधारात एकदम दचकतात. आवाज झाला, की पिंजऱ्यात सैरावैरा आपटतात आणि पिसं मोडून घेतात. म्हणून त्या रात्री पिंजऱ्यावर अर्धी चादर, शेजारी झिरोचा दिवा, आणि अक्का नंदीध्वजाचं दर्शन दुपारीच उरकून घरी राखण.

एवढी बंदी झाल्यावर मिठूनं खायचं काय, हा प्रश्न अक्कांनी डॉक्टरांना फोन करून विचारला, आणि उत्तर ऐकून आणखी वैतागल्या. डाळिंब चालतं. दाण्यांसकट, आतल्या बीसकट. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून याच शहरात आहे, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी डाळिंबाची हातगाडी रोज उभी असते. ज्वारी चालते. कोवळा हुरडा तर फारच चांगला. मेथी, कोथिंबीर, गाजर, शेवग्याचा पाला. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया घातल्या तर लिव्हरवर चरबी चढते, म्हणून त्या मोजून. आणि हिरवी मिरची, हवी तेवढी.

“हे सगळं तर शेतातली पाखरं फुकट खातात,” अक्का म्हणाल्या. खरंच आहे. थंडीत ज्वारी हुरड्यात आली की मंगळवेढ्याकडचा शेतकरी माळ्यावर उभा राहून दिवसभर गोफण फिरवतो, ती याच ‘पथ्याच्या’ जेवणावरून पाखरं हाकलायला. त्या राघूंना कुणी यादी दिलेली नसते, आणि केकही.

नव्या पथ्याला मिठू बधला. गल्ली बधली नाही. पाहुणे येतात, पिंजऱ्याशी जातात आणि खिशातून काहीतरी काढतात. पिंजऱ्यावर नातवानं मराठीत पाटी लावली: ‘खायला घालू नये’. अत्तरवाले चाचांनी तिच्याखाली उर्दूत, काकूंनी तेलुगूत आणि अक्कांनी कानडीत तेच लिहिलं. एका पाहुण्यानं चारही भाषा बघून विचारलं, “बरं, मग पाणी तरी पाजू का?”

पाण्याचं शेवटी राहिलं. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. आलं, की घरातलं जे भांडं पाणी धरू शकतं ते भरतं: पिंप, हंडे, कळशा, बादल्या, पातेली, पोराचा आंघोळीचा टबसुद्धा. त्यामुळे पहाटे उडणाऱ्या पाखराला अप्पांच्या मोरीत उघडं पाणी जागोजाग. काठावर बसून वाकलं, की आत. पंख भिजले की वर येता येत नाही. यादीत याला जाड अक्षर होतं. पिंपाला झाकण होतं, हंड्यांवर ताटल्या बसल्या. सगळ्यात मोठी बादली मात्र उघडीच राहायची. तिच्या मापाचं झाकण पेठेत शोधून मिळालं नाही. एका भांडेवाल्यानं नवी बादली झाकणासकट घ्या म्हणून सुचवलं, ती अप्पांनी भाव ऐकून परत ठेवली.

परवा पाणी आलं त्या पहाटे मी त्यांच्या माडीवर पाइप धरायला गेलो होतो. बादली भरली. अक्का आत गेल्या आणि रुखवतातला नॉनस्टिक डोसातवा घेऊन आल्या. तो पालथा बादलीवर ठेवला. तंतोतंत बसला.

सूनबाई दारात उभ्या होत्या. “अक्का, तो माझ्या माहेरचा आहे.”

“म्हणूनच वापरात काढला,” अक्का म्हणाल्या.

मिठू उडत येऊन तव्याच्या दांड्यावर बसला, तुरा वर केला आणि कुकरची शिट्टी मारली. सूनबाई गॅस बंद करायला आत पळाल्या. गॅसवर काहीच नव्हतं.